फळीच्या खालच्या अंगाला

शांतवनकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी राहात्याला मुलीकडे होते आणि गच्चीवर गहू वाळत घालत होते. फोन भिंगारच्या शेजाऱ्यांचा होता. काका दुपारी व्यवस्थित जेवले, ताट स्वतः विसळून पालथं घातलं, पलंगावर आडवे झाले आणि मग उठलेच नाहीत. वय चौऱ्याऐंशी. दुखणं नाही, दवाखाना नाही, कुणाकडून सेवा करून घेतली नाही. भेटायला आलेला प्रत्येक माणूस ‘सोन्यासारखं मरण आलं’ म्हणत होता आणि मी मान डोलवत होते. पण खरं सांगायचं तर मला त्यांचा राग आला होता. चारच दिवसांपूर्वी त्यांनी मला एक काम सांगितलं होतं आणि ते पुरं होईपर्यंत थांबायची तसदी काही घेतली नव्हती.

काम तसं फार मोठं नव्हतं. गोव्यात जुवारी नदीच्या वरच्या अंगाला खाणींचं एक जुनं बंदर आहे. डोंगरातलं लोखंडाचं खनिज ट्रकांनी तिथं यायचं, बार्जमध्ये, म्हणजे सपाट बुडाच्या मोठ्या मालवाहू होडीत भरलं जायचं आणि नदीतून खाली समुद्रावरच्या जहाजांकडे जायचं. काकांनी निवृत्त होईपर्यंतचं सगळं आयुष्य त्या धक्क्यावर काढलं. आता तिथलं काम थंडावलंय, यंत्रांवर वेली चढल्यात, आणि तिथल्या काही मंडळींनी ते बंदर वारसा म्हणून जपायचं मनावर घेतलंय. धक्क्यावर जुन्या कामगारांच्या आठवणींचे फलक लागणार होते आणि त्यातला एक काकांचा होता. ‘लिले,’ काका मला म्हणाले, ‘ते काय लिहितात ते तू वाच. मला आता बारीक अक्षर दिसत नाही. खोटं निघालं तर खोड. तुला लाल पेनची सवय आहे.’ मी पस्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, त्यामुळे माझ्या लाल पेनचा आमच्या सगळ्या खानदानाला धाक आहे, काका सोडून. मी ‘बरं’ म्हटलं आणि राहात्याची गाडी पकडली. खोटं म्हणजे कसलं, हे विचारायला हवं होतं... ते राहूनच गेलं.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. आमचं घर नगरजवळच्या भिंगारच्या कॅम्पातलं, दर रविवारी चर्चला जाणारं. आजोबा लष्कराच्या तंबूंच्या कोठीत कामाला होते आणि दोन्ही मुलं त्या तंबूंच्या दोरखंडांत वाढली. काकांना तर गाठी मारायचा नादच होता. त्यांनी बांधलेली कपड्यांची दोरी वावटळीतही ढिली पडत नसे, असं आजी सांगायची. गोवा मोकळा झाल्यावर दोन-तीन वर्षांनी तिकडच्या खाणींवर माणसं हवीत असं कुणीतरी सांगितलं आणि काका पत्र्याची पेटी घेऊन निघाले. धक्क्यावरच्या साहेबानं विचारलं, ‘काय येतं?’ काकांनी सांगितलं, ‘गाठी मारता येतात.’ त्यांना लगेच फळीवर नेमलं.

ही फळी काय ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावरच घडलं. त्या काळी माल भरायला यंत्रं नव्हती. धक्क्याच्या कडेपासून बार्जच्या काठापर्यंत एक लांब, जाड फळी टाकलेली असायची आणि बायका डोक्यावर खनिजाच्या पाट्या घेऊन तिच्यावरून जायच्या, रिकाम्या पाट्या घेऊन परत यायच्या. दिसायला लहान पाटी, पण ती डोक्यावर चढवायला दुसऱ्या बाईनं हात लावावा लागे, इतकी जड. फळी जागेवर ठेवायची, तिचा उतार सांभाळायचा, हे फळीवाल्याचं काम. बाकी धक्का पाट्यांवर चालायचा आणि पाट्या फळीवर.

मी ते बंदर पहिल्यांदा पाहिलं आठवीच्या मे महिन्याच्या सुट्टीत. तोवर पाट्या जाऊन बार्जमध्ये माल नेणारे रबरी सरकते पट्टे आले होते आणि काका पट्टा चालवत होते. सगळं लाल होतं. जांभ्या दगडाचा धक्का लाल, ट्रक लाल, केळीची पानं लाल, कुत्री लाल, देवळाच्या नि चर्चच्या भिंती कंबरेपर्यंत लाल. मी पांढरा फ्रॉक घालून गेले होते, तो इतका विटकरी होऊन परत आला की आईनं त्याचं पायपुसणं केलं. संध्याकाळी काका मला धक्क्याच्या कडेला बसवायचे आणि दगडावरची ओली रेघ दाखवायचे. ‘मगाशी पाणी इथं होतं. आता बघ कुठं गेलं. ही नदी दिवसातून दोनदा चढते नि दोनदा उतरते.’ मी भिंगारची पोर. आमच्या सीना नदीला पाणी आलं की लोक पुलावर बघायला जमतात. नदी आपली आपण वर-खाली होते हे मला काही केल्या पटेना. ‘मलाही पटलं नव्हतं,’ काका म्हणाले. पुढे काही सांगतील म्हणून मी वाट पाहिली, पण ते उठून पट्ट्याकडे गेले.

काकांचं तिथं जमलं कसं, याचं मला अजून नवल वाटतं. मासा त्यांना वासानंही चालत नसे. तिथल्या ख्रिस्ती शेजाऱ्यांना तर हा नगरी ख्रिस्ती माणूस उलगडायचाच नाही. नाव शांतवन, घरात ना क्रॉस ना मूर्ती, बायको कपाळभर कुंकू लावणारी आणि जेवायला बाजरीची भाकरी नि ठेचा. एका म्हातारीनं विचारलं होतं म्हणे, ‘घरात मूर्ती नाही, मग मागता कोणाकडे?’ काकांनी सांगितलं, ‘मागायचं खातं बायकोकडे आहे.’ हे काकू हसत हसत सांगायची आणि वर म्हणायची, ‘खातं माज्याकडं, पन मागायचं ह्यांच्यासाटीच.’

काकू म्हणजे रतनकाकू, पाथर्डी तालुक्यातली. तिकडच्या टोळ्या ऊसतोडीला जातात हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. एका वर्षी मात्र मुकादमानं एक टोळी साखर कारखान्याऐवजी थेट गोव्याच्या धक्क्यावर नेली, पाट्या वाहायला. त्या टोळीत एकोणीस वर्षांची रतन होती. मी पाहिली तेव्हापासून काकू डाव्या पायानं लंगडायची, आणि ते कसं झालं ती गोष्ट आमच्या घरात लहानथोर सगळ्यांना पाठ होती.

गोष्ट काकूनं पहिल्यांदा सांगितली ती आमच्या क्वार्टरच्या दारात. मी तेव्हा पाळण्यात होते, पण आईच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की मी तिथं उभी होते असंच मला वाटतं. काका नोंदणी पद्धतीनं लग्न करून तिला घेऊन आले आणि आजीनं दार अडवलं. मुलगी परधर्माची, वर पायानं अधू. ‘हिला कशाला आणली?’ आजीनं विचारलं. काका खाली मान घालून उभे. बोलली ती काकूच. ‘आत्याबाई, फळी पलटी झाली नि मी बार्जच्या नि धक्क्याच्या मधी पडले. पाय चेंबला. समदे नुसते बघत हुते. ह्यांनी उडी टाकली नि मला पान्यातनं काढलं. ज्यानं काढलं त्याच्या दारात आले. तुमी घ्या, न्हाई तर पुन्ना पान्यात टाका.’ आजी बाजूला झाली. नुसती बाजूला झाली नाही, आपल्या पोरानं कुणाचा तरी जीव वाचवला म्हणून अशी फुलली की आठ दिवसांत ती गोष्ट सगळ्या कॅम्पात पोचली. पुढे पन्नास वर्षं प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला काकूला ती सांगायला लावायचे आणि तिनं सुरुवात केली की काका उठून बाहेर जायचे. आम्ही म्हणायचो, बघा किती साधा माणूस, स्वतःचं कौतुकसुद्धा ऐकवत नाही.

काकू गेल्याला आता सात वर्षं झाली. गेल्या हिवाळ्यात त्या बंदराचं काम करणारी सेलिना नावाची मुलगी गोव्याहून भिंगारला आली, काकांच्या आठवणी टिपून न्यायला. पहिल्याच संध्याकाळी मी तिला ती गोष्ट हातवारे करून सांगितली. काका सवयीप्रमाणे उठून अंगणात गेले होते. दुसऱ्या दिवशी ती मोबाईल समोर ठेवून तासभर काकांशी बोलली. मी तेव्हा स्वयंपाकघरात हुलग्याची शेंगोळी वळत होते. पाहुणीला नगरचं काहीतरी खिलवायचा माझा हट्ट. शेंगोळी छान झाली, ती दोनदा मागून जेवली, आणि काका तिला काय म्हणाले ते मी ऐकलंच नाही.

काकांच्या स्मरणाची प्रार्थना झाली त्याच संध्याकाळी सेलिनानं फलकाचा मजकूर मोबाईलवर पाठवला. ‘शांतवन यांनी जिवाची पर्वा न करता नदीत उडी घेतली आणि रतन यांचे प्राण वाचवले.’ माझीच गोष्ट, माझ्याच शब्दांत. खाली तिनं लिहिलं होतं, ‘बाई, पण काकांनी माझ्याकडे वेगळं सांगितलंय. तुम्ही ऐका आणि काय ठेवायचं ते तुम्हीच ठरवा.’ सोबत काकांचा आवाज होता. माणूस जाऊन पुरते पंधरा दिवस झाले नव्हते आणि तो माझ्या हातात बोलत होता...

‘लिहून घे, पोरी,’ काका म्हणत होते. ‘फळी मी बांधली होती. दोन्ही टोकं. तंबूला मारायचो तशी गाठ, जन्मात सुटायची नाही अशी. मला वाटलं, बायका डोक्यावर ओझं घेऊन चालतात, फळी हलायला नको. बार्जकडचं टोक मोकळं सोडायचं असतं, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आमच्याकडची नदी कुठे वर-खाली होते? ओहोटी लागली. बार्ज खाली जायला लागली. माल भरत होता, तशी आणखी खाली गेली. फळी ताणत गेली, ताणत गेली आणि पलटी झाली. रतन तिच्यावर होती. तिला काढली सारंगानं, बार्ज चालवायचा तो. मालवणकडचा होता. मी नाही काढली. मला पोहता येत नव्हतं, अजून येत नाही. रतन सगळ्यांना सांगायची, ह्यांनी काढलं. मी म्हणायचो, नको सांगूस. ती म्हणायची, तुमच्या आईपुढं दुसरं काय सांगू?... तर तेवढं नीट लिही. तिचा पाय माझ्यामुळं गेला.’

मी ते तीनदा ऐकलं आणि तिन्हीदा रडले. मग लाल पेन घेऊन बसले आणि हात चालेना. काकांचं ऐकावं तर साऱ्या जगासमोर काकूला खोटं ठरवायचं. काकूचं राखावं तर काकांनी माझ्यावर टाकलेलं एकमेव काम बुडवायचं. आणि त्याहून वाईट म्हणजे एक विचार डोक्यात शिरला तो निघेना. ज्याच्या हातून तिचा पाय गेला त्यानं तिच्याशी लग्न केलं, म्हणजे तो संसार होता की नुसती भरपाई? ज्या दोन माणसांकडे बघून मी संसार म्हणजे काय ते शिकले, त्यांच्याबद्दल साठी उलटल्यावर असं काही मनात यावं, याची मला लाज वाटली. पण आलं ते आलं. सेलिनाला मी कळवलं, मला आठवडाभर दे.

काकूच्या टोळीतली एक बाई अजून आहे हे मला माहीत होतं. काकू गेली तेव्हा ती भिंगारपर्यंत आली होती. चंद्राबाई तिचं नाव. मी एस.टी.नं पाथर्डी गाठली, तिथून जीपमध्ये दाटीवाटीनं बसून तिच्या गावी गेले. ऐंशी ओलांडलेली बाई, ओट्यावर बसून तूर पाखडत होती. काका गेल्याचं सांगितलं तेव्हा तिनं सूप खाली ठेवलं, पदरानं डोळे टिपले आणि मला गूळ-पाणी दिलं. मग मी विचारलं, ‘चंद्राबाई, खरं सांगा. काकांनी काकूला पाण्यातून काढलं होतं का?’

चंद्राबाई फसकन हसली. ‘त्यो काय काढतोय! त्यालाच काढावा लागला.’

‘म्हणजे?’

‘म्हंजी काय! रतन पडली तसा ह्यो बी तिच्या मागनं पान्यात. पवाया येत न्हाई, काय न्हाई. आमी वरडतोय, आरं थांब, सारंगाला येऊ दे, तर ह्यो गेला बी. सारंगानं आदी रतनला वर दिली नि मंग ह्याच्या केसाला धरून ह्याला वडला. लई पानी प्याला हुता. सारंग शिव्या देत हुता. म्हनला, एकीला काढायची तर ह्यानं दोगं काढाया लावली.’

मी म्हटलं, ‘मग हे त्यांनी कधीच कसं सांगितलं नाही?’

‘सांगन्यासारकं हाय का त्ये? बुडनाऱ्या बाईच्या मागं गड्यानं उडी टाकायची नि सोताच बुडायचं! समदा धक्का वरीसभर हसत हुता त्याला.’ तिनं पुन्हा सूप उचललं, दोनदा पाखडलं आणि थांबली. ‘पन येक सांगते तुला. त्या दिसापासनं फळीचं येक टोक मोकळं ऱ्हायाचं. नि ह्यो फळीच्या खालच्या अंगाला, धक्क्याच्या फतरावर पाय रोवून, पान्यात उभा ऱ्हायाचा, कंबरेयेवढ्या. आमी समद्या जनी पल्याड जाईस्तोवर. म्या म्हनलं, आरं, तुला पवाया येत न्हाई, पडली येकादी तर तू काय करशील? तर म्हनला, पडली तर माज्यावर पडंल, फतरावर न्हाई.’

‘आणि काकू?’

‘रतन बसायची की धक्क्यावर, पाय बांधून. दिसभर त्याच्याकडं बगत. मुकादम म्हनला, चल, तुला गावाकडं धाडतो. न्हाई म्हनली. मला तवाच कळलं, ही काय आता माघारी याची न्हाई.’

परतीच्या जीपमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसले, कारण मला हसू आणि रडू एकदमच येत होतं. काकू खोटं बोलली नव्हती. ‘ह्यांनी उडी टाकली’ हे अक्षर अन् अक्षर खरं होतं, पुढचं तिनं सासूपुरतं थोडं नीटनेटकं केलं होतं. आणि काकांनी सगळं खरं सांगून उडी तेवढी गाळली, कारण त्यांच्या हिशेबी ती मदत नव्हतीच, वाढवलेला व्याप होता. भरपाईची शंका तर चंद्राबाईनं सुपातल्या फोलासारखी उडवून लावली होती. निवड काकूनं केली होती, ती पण सगळं डोळ्यांनी बघून.

त्याच आठवड्यात मी सेलिनाला मजकूर पाठवला. ‘जिवाची पर्वा न करता’ पहिल्यांदा खोडलं, कारण पोरांच्या निबंधात ते मी आयुष्यभर खोडत आले आहे. मग लिहिलं: फळी शांतवननं बांधली होती आणि ती दोन्हीकडून बांधायला नको होती. ओहोटीला ती उलटली आणि रतन पडली. पोहता येत नसताना शांतवननं तिच्यामागे उडी घेतली. दोघांनाही बार्जच्या सारंगानं बाहेर काढलं. त्याखाली चंद्राबाईला आठवली तेवढी टोळीतल्या बायकांची नावं घालायला लावली, कारण तो धक्का त्यांच्या डोक्यांवर उभा होता. काकांनी मला खोडायला सांगितलं होतं, वाढवायला नाही. ते असते तर उडीच्या वाक्यावर नक्की भांडले असते. पण मी ते वाक्य काढणार नाही. लाल पेन माझ्या हातात आहे.

भिंगारच्या आमच्या चर्चच्या पायऱ्या उंच आहेत आणि मधोमध झिजलेल्या. काकू दर रविवारी काकांबरोबर यायची, शेवटच्या बाकावर बसायची. उपासना संपली की दोघं त्या पायऱ्या उतरत. काका नेहमी तिच्या डाव्या हाताला, एक पायरी खाली, अंग तिरकं करून. आम्ही चेष्टा करायचो, काका, घरी जायची एवढी घाई? काकू गेल्यावरही ते तसेच उतरत, एक पायरी खाली, तिरके, डावीकडच्या कडेनं. मला वाटायचं, म्हाताऱ्या माणसाचे गुडघे दुखत असतील.

परवाच्या रविवारी मी चर्चमधून बाहेर पडले. माझ्या पुढे आमच्या मंडळीतल्या एक आजी काठी टेकत उतरायला लागल्या होत्या. मी कधी त्यांच्या पुढे गेले आणि एक पायरी खाली जाऊन तिरकी उभी राहिले, ते माझं मलाच कळलं नाही. आजी थबकल्या आणि चिडून म्हणाल्या, ‘अगं लिले, पुढं हो की. वाट अडवून काय उभी राहिलीस?’

‘या तुम्ही,’ मी म्हटलं. ‘मी आहे खाली.’